मधला पेला

“बाबा, आज चवीला बसाल का?” असं लेकीनं विचारलं तेव्हा जीभसाहेबांच्या हातात बाटल्या घासायचा ब्रश होता, आणि तो निसटून सरळ साबणाच्या पाण्यात गेला. प्रश्न काही मोठा नव्हता. तिनंही तो मागे न वळता, लाकडी पिंपाची लोखंडी पट्टी चाचपत, ‘दार लावून घ्या’ म्हणावं तितक्या सहज विचारला होता. पण गेल्या उन्हाळ्यापासून हे वाक्य लेकीच्या त्या बिअरच्या शेडमध्ये कुणी उच्चारलं नव्हतं, आणि ते पुन्हा कानावर पडेल ही आशा जीभसाहेबांनी सोडल्यातच जमा होती. दर शनिवारी दोन बस बदलून ते इथे यायचे. बाटल्या धुवायचे, नळ्या उकळत्या पाण्यातून काढायचे, फरशी झाडायचे. लेक पिंपातून घोटभर बिअर काढून चाखायची आणि चाखताना त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायची. मुद्दाम करायची असं नाही. पण ज्यानं उभं आयुष्य बिअर चाखण्यात काढलं त्याच्याकडे पाठ करून चाखायचं, म्हणजे गवयाला दाराबाहेर बसवून आत गाणं करण्यासारखंच होतं. बाटल्या अलीकडे जरा जास्तच घासल्या जात होत्या.

जीभसाहेब हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बिअरच्या एका मोठ्या कारखान्यात ते चवखोलीचे प्रमुख होते आणि माघारी सगळे त्यांना याच नावानं ओळखायचे. निरोपाच्या दिवशी कुणाच्या तरी तोंडून ते चुकून समोरच निघालं, तेव्हा राग येण्याऐवजी त्यांना बरंच वाटलं होतं. काम एकच. कालच्यासारखी आज झाली का आणि आजच्यासारखी उद्या होईल का, एवढं बघायचं. चांगली झाली का, असं तिथं कुणी विचारत नसे. चुकली का, ते विचारत. जरा आंबूस वास आला, जरा ओल्या पुठ्ठ्याची चव लागली, की जीभसाहेब पेला खाली ठेवत आणि म्हणत, “गेलं.” एवढा एकच शब्द. त्या शब्दावर घराएवढी टाकी गटारात मोकळी व्हायची आणि का म्हणून विचारायची कुणाची टाप नव्हती. ही जीभ शाबूत राहावी म्हणून घरानं काय काय सोसलं ते त्यांच्या बायकोला विचारावं. कामाच्या दिवशी घरात लसूण नाही, वासाचं तेल नाही, वासाचा साबण नाही, पावडर नाही. “ह्यांच्या जिभेची बाळंतपणं काढता काढता माझा जन्म गेला,” असं ती आल्यागेल्याला सांगायची. साहेब निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती तीन निरनिराळ्या वासांचे साबण घेऊन आली, आणि आंघोळीला गेली ती बाहेर यायचं नावच घेईना.

आणि अशा माणसाच्या पोटी ही लेक. विम्याच्या कचेरीतली बसल्या जागेची नोकरी सोडून, जुन्या टायरांना नवं रबर चढवायच्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये चार लाकडी पिंपं मांडून बसली होती, आणि मुद्दाम, जाणूनबुजून, आंबट बिअर करत होती. हिला शेतावरची बिअर म्हणतात, असं तिनं आईला समजावलं होतं. असेल ते धान्य घ्यायचं, हवेतलं आणि लाकडातलं जे यीस्ट येईल त्याला येऊ द्यायचं, आणि वाइनच्या जुन्या पिंपात भरून वर्ष दोन वर्षं तिच्या वाटेला जायचं नाही. “म्हणजे तुझ्या बाबांनी जन्मभर ज्यांना हाकललं, त्या सगळ्यांना तू पाहुणचाराला बोलावलंस,” आई म्हणाली होती आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. जीभसाहेबांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. पहिल्यांदा शेडमध्ये पाऊल टाकलं तेव्हा त्यांच्या नाकानं आपोआप हजेरी घ्यायला सुरुवात केली: इथे बुरशी, तिथे ओलं गवत, त्या कोपऱ्यात घोड्याच्या पाठीवरची घोंगडी. सगळे जुने गुन्हेगार, आणि सगळे ऐसपैस बसलेले.

पिंपांना लेकीनं नावं दिली होती. थोरला, धाकटा, मास्तर आणि आत्याबाई. आत्याबाई अशासाठी की त्या पिंपाच्या फळ्या दूरवरून कुरकुरताना ऐकू यायच्या आणि जवळ जाऊन विचारपूस केली की एकदम गप्प व्हायच्या. तर गेल्या उन्हाळ्यात तिनं आत्याबाईचा खिळा काढला. प्रत्येक पिंपाच्या पुढच्या फळीला असं एक बारीक भोक असतं, त्यात खिळा बसवलेला असतो. पक्कडीनं खिळा ओढला की सुतळीएवढी धार उडते, ती पेल्यात धरायची आणि खिळा परत दाबायचा. वरचं बूच काढून वारा आत जाऊ द्यायचा नाही. त्या दिवशी धार उडालीच नाही. तेल ओतावं तशी एक लांब, चिकट तार लोंबत खाली आली. जीभसाहेबांनी पेला तिरका केला, परत सरळ केला, ओठाला लावला. बुळबुळीत. घशाखाली उतरायलाही तयार नाही. त्यांनी पेला खाली ठेवला.

“गेलं,” ते म्हणाले. “ओतून दे.”

“आजारी आहे,” लेक म्हणाली. “उठेल.”

“बिअर आजारी पडत नसते. बिअर खराब होते.”

“तुमच्याकडे तिला आजारी पडायला सवड कुठे द्यायचे, बाबा? पहिल्या शिंकेलाच गटार.” आणि तिनं खिळा परत दाबला, वर हातोडीचा एक हलका ठोका दिला. नंतर जरा शांतपणे, स्वतःशी बोलल्यासारखं ती म्हणाली की काही पिंपांना हे होतं. मध्येच चिकट होतात, तार धरतात, आणि हात न लावता ठेवली तर आतलंच दुसरं यीस्ट सावकाश ती तार खाऊन टाकतं. थंडीपर्यंत थांबायचं. फक्त थांबायचं. जीभसाहेब हात पुसून निघाले आणि घरी जाणाऱ्या बसमध्ये त्यांना तिचे शब्द आठवले. बिअरबद्दलचे नव्हेत. आजारी आहे, उठेल. हे शब्द त्यांनी पूर्वी ऐकले होते, ह्याच चालीत, आणि कुठे ऐकले ते आठवताच बसमध्ये मोकळी जागा असूनही ते उठून उभे राहिले.

लेक लग्न मोडून घरी आली तो दिवस होता. दोन बॅगा, एक उशी, आणि चेहरा असा की कुणी काही विचारू नये. ती मागच्या खोलीत गेली आणि हे स्वयंपाकघरात बायकोशेजारी जाऊन उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. नळ सोडलेला होता, त्या आवाजात बाहेर काही ऐकू जाणार नाही असा हिशेब करून ते म्हणाले, “गेलं.” नेमका त्याच वेळी बायकोनं नळ बंद केला. दारात लेक रिकामं तांब्याभांडं घेऊन उभी होती. “गेलं काय, अहो?” बायको म्हणाली होती, लेकीकडे न बघता, भांड्यात पाणी ओतता ओतता. “आजारी आहे पोर. उठेल.” भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. लेक पाणी पिऊन आत गेली आणि कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून निजून राहिली. बायको रोज ताट दाराशी ठेवायची, दार थोडं किलकिलं ठेवायची, आणि ह्यांना तिकडे फिरकू द्यायची नाही. “तुम्ही चेहरा घेऊन जाऊ नका आत. तुमचा चेहरा तपासायला आल्यासारखा असतो.” मग एके दिवशी लेक उठली, केस धुतले, आणि आईचा सगळ्यात भडक वासाचा साबण वापरून बाहेर आली. त्या वासानं जीभसाहेबांचं डोकं दुखलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच डोकं दुखल्याचा त्यांना आनंद झाला होता. तो आनंद त्यांनी कुणाला सांगितला नाही. कसा सांगतात ते माहीत नव्हतं.

आता ब्रश पाण्यातून काढून, हात कोरडे करून ते टेबलाशी येऊन बसले. खिडकीतून दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं, समोरच्या रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर वर ढकलत होतं. लेकीनं टेबलावर खडूनं एक उभी रेघ मारली आणि तीन पेले मांडले. आतून बाहेरून काळी झिलई दिलेले चिनी मातीचे पेले, म्हणजे रंग दिसू नये. ही त्यांच्या चवखोलीची रीत. तीन पेले, दोहोंत एकच बिअर, एकात वेगळी. तोंडातून शब्द काढायचा नाही. जो वेगळा लागेल तो रेघेपलीकडे सारायचा, की ती बिअर बाद. लेक लहान असताना आजारपणात तिचा वेळ जावा म्हणून ते तिच्यासमोर पाण्याचे तीन पेले मांडायचे, एकात साखरेचे चार दाणे, आणि ती डोळे मिटून, ओठांचा चंबू करून, अगदी त्यांच्यासारखी भुवई चढवून वेगळा पेला ढकलून द्यायची. कधी चुकली नाही. “ही माझी जागा चालवणार,” असं ते तेव्हा म्हणायचे.

“नीट ऐका,” लेक म्हणाली. “उद्या बाटल्या भरायच्यात. थोरला, धाकटा, मास्तर, तिघं एकत्र करायचे हे नक्की. प्रश्न आत्याबाईचा आहे. घातली आणि तिच्यात अजून काही शिल्लक असलं तर चारही पिंपं बिघडतील, दोन वर्षं पाण्यात. दोन पेल्यांत नुसती तिघांची आहे. एकात आत्याबाई घातलीये.”

“तू चाखलीस ना?”

“चाखली. पण माझा जीव आहे तिच्यात, मला ती चांगलीच लागणार. तुमचा नाहीये.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर उद्या सकाळी आत्याबाई ओतून देईन,” ती म्हणाली. “नाकबिक मुरडणार नाही. तुम्हीच शिकवलंय, बसवलं माणसाला तर त्याचं ऐकायचं.”

जीभसाहेबांना वाटलं, उठावं आणि बाटल्यांकडे जावं. गेल्या उन्हाळ्यात ती ऐकणार नव्हती म्हणून बोलणं सोपं होतं. आज ती ऐकणार होती. खोटं बोलावं तर जिभेनं ते कधी केलं नव्हतं, आणि दोन वर्षांच्या चार पिंपांपुढे खोटं बोलणं म्हणजे मायेनं गळा घोटणं. खरं बोलावं आणि ते ‘गेलं’ निघालं, तर तीच खोली, तोच नळ, तेच दार. एकाच तोंडातून पुन्हा तोच शब्द ऐकल्यावर ती पुढच्या शनिवारी त्यांना दार उघडेल, पण पाठ मात्र कायमची फिरवेल. मनातल्या मनात त्यांनी कुणाला तरी विनवलं, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग पाण्यानं तोंड खळबळलं आणि पहिला पेला उचलला.

नीटनेटकी होती. लिंबाच्या सालीसारखी आंबट, मागे थोडं वाळकं गवत, थोडं लाकूड, शेवटाला जीभ स्वच्छ पुसल्यासारखी. वाईट म्हणण्यासारखं काही नव्हतं. हुशार, भांग पाडून बसलेल्या मुलासारखी बिअर. त्यांनी पेला ठेवला आणि मधला उचलला. ओठाला लावण्याआधीच नाकात काहीतरी शिरलं, ते काय आहे ते कळेना. दोष सगळे त्यांना तोंडपाठ होते, पण हा त्यांच्या यादीत कुठे बसेना. जुनं कातडं. म्हणजे दोषच. पण कातडं कशाचं? दप्तराचं. लेकीच्या पहिल्या दप्तराचं, ज्याचा पट्टा तिच्या खांद्यावरून सारखा घसरायचा म्हणून ते स्वतःच्या खांद्याला अडकवून चालायचे. एक घोट. आंबटपणा पहिल्यापेक्षा मोठा, पण गोल, टोचत नव्हता, जिभेच्या दोन्ही कडांनी सावकाश आत येत होता आणि गालांच्या मागे कुठेतरी पाणी सुटत होतं. तार नव्हती. बुळबुळीत काही नव्हतं. त्यांनी तिसरा पेला चाखला, पहिल्याचाच भाऊ. म्हणजे वेगळा मधला. काम झालं होतं, पण खात्री करून घ्यावी म्हणून ते परत मधल्याकडे वळले. चवखोलीत खात्री करतातच.

कारखान्याच्या वसाहतीची लांब भिंत होती आणि भिंतीच्या बुडाशी आंबुशी उगवायची, तीन तीन पानांची, कुणी लावलेली नाही आणि कुणी उपटलेलीही नाही. शाळेच्या वाटेवर लेक थांबायची, पानं खुडायची आणि तोंडात टाकायची. तिचं तोंड असं वेडंवाकडं व्हायचं, एक डोळा मिटायचा, खांदे कानांना भिडायचे, आणि पुन्हा हात पानांकडे. “बाबा, खा ना.” बोटांत चुरगळलेलं, घामेजलेलं हिरवं पान. “मला कामावर जायचंय.” “एकच.” “जीभ बिघडेल, ठमे.” एवढं म्हटलं की ती पान मागे घ्यायची, स्वतःच्या तोंडात टाकायची आणि त्यांच्याकडे थोड्या कीवेनं बघायची. दुसऱ्या दिवशी परत. “बाबा, खा ना.” किती वर्षं ती विचारत राहिली आणि कोणत्या सकाळी विचारायची थांबली, ते त्यांना आठवेना, थांबली तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. एका पानानं काय होणार होतं? जीभ बिघडली असती एक दिवस. एक दिवस कुठलीशी टाकी सुटली असती. आणि ती चव, दप्तर खांद्यावर असतानाची, लेकीच्या हातातली, त्यांच्याकडे राहिली असती. आता ती तोंडात होती. कुणीतरी ती लाकडात बंद करून त्यांच्यासाठी राखून ठेवल्यासारखी, दप्तरासकट, वाळल्या गवतासकट. गालांत पाणी सुटलं, एक डोळा आपोआप मिटला. ही लहानपणची तीच पोर आहे, त्यांना वाटलं, ती अजून विचारतेय, आणि आज मी कामावर जात नाहीये. त्यांना इतका आनंद झाला की छातीत दुखल्यासारखं वाटलं. ते बाहेरच्या शटरचा आवाज ऐकत होते, उन्हाचा चौकोन बघत होते, आणि लेक समोर बसली आहे, तिची बोटं टेबलाच्या कडेला घट्ट धरलेली आहेत, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. आणि तशातच उभ्या आयुष्याच्या सवयीनं हात उठला, मधला पेला धरला आणि रेघेपलीकडे सारला.

पेला वाजवीपेक्षा लांब घसरत गेला. टेबलाच्या टोकाशी लेकीनं तो अडवला.

“बरं,” ती म्हणाली. चेहरा तिनं जागच्या जागी ठेवला, पण कान लाल झाले. लहानपणी रडू आवरताना व्हायचे तसे. आपलं काहीतरी भलतंच चुकलंय हे जीभसाहेबांना कळत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. लेक उठली, पेला घेऊन मोरीकडे निघाली, मध्येच थांबली. पेला तिनं हातात तोलला. मग उलटा केला.

“बाबा.”

“काय गं?”

“हा रिकामा आहे.”

“असा कसा रिकामा? तू ओतलं नसशील नीट.”

“तिन्हींत मापून ओतलंय.” ती परत आली. पहिला पेला तिनं वाकवून पाहिला, तिसरा पाहिला. दोन्ही जवळजवळ भरलेले. एकेका घोटाचा खड्डा तेवढा पडलेला. मधल्याच्या तळाशी थेंबसुद्धा नव्हता. चवखोलीत पेला संपवत नाहीत. घोट घेतात, बाजूला ठेवतात, पुढच्याकडे जातात. साऱ्या नोकरीत जीभसाहेबांनी चवीच्या पेल्याचा तळ पाहिलेला नव्हता. लेकीला हे ठाऊक होतं आणि त्यांना तर होतंच.

“मग सारलात कशाला पलीकडे?” तिचा आवाज आता कसातरीच झाला होता, हसू आणि रडू दोघांनीही एकदमच दार ठोठावल्यासारखा. “माझा जीव गेला ना इथं.”

“सवयीनं सारला,” ते म्हणाले. “वेगळा लागला की हात सारतोच. त्याला दुसरं काही शिकवलंच नाही कधी.” आणि टेबलावरची खडूची रेघ त्यांनी तळव्यानं पुसून टाकली. हात पांढरा झाला. “अजून आहे का त्यातलं?”

लेकीचा फोन वाजला. आईचा होता, शनिवारी ह्या वेळी यायचाच. लेकीनं तो कानाला न लावता स्पीकरवर टाकला.

“काय म्हणाली गं जीभ?” आईचा आवाज शेडभर पसरला. “काल रात्री तू सांगितल्यापासून माझा डोळ्याला डोळा नाही. नाही म्हणाले का?”

“जीभ काही बोललीच नाही, आई. सगळं पिऊन बसली.”

“सगळं? ते? बरं वाटतंय ना त्यांना?”

“मला मस्त वाटतंय,” जीभसाहेब फोनकडे तोंड करून ओरडले. “आणि ऐक, येताना वासाचा साबण आणतो. कुठला तो तुझा भडक?”

“अगं बाई,” आई म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आधी तिचं हसू ऐकू आलं.

लेकीनं पक्कड त्यांच्या हातात दिली. पिंपाजवळ जाऊन ते गुडघ्यावर बसले, गुडघा कुरकुरला, आत्याबाई मात्र गप्प होती. लेक शेजारीच बसली, खांद्याला खांदा लावून, पेला धरून. लाकूड थंड होतं आणि किंचित ओलं.

“आजारी होती,” जीभसाहेब म्हणाले. ते पिंपाकडे बघून बोलत होते, पण आवाज पिंपाशी बोलायचा नव्हता. “मला कळलं नाही. तेव्हाही नाही कळलं.”

लेकीनं पेला जरा वर धरला.

“उठली ना,” ती म्हणाली. “ओढा आता.”

त्यांनी खिळा ओढला. बारीक, सरळ, उन्हात पिवळी दिसणारी धार उडाली, आधी त्यांच्या बाहीवर आणि मग पेल्यात.